आदेशाखाली ‘राज्यपालांच्या नावाने’ लिहिलेलं असतं, मग कोर्टात सामनेवाला कोण?

खानापूर_वाचक

कर्नाटक सरकारचा आदेश उघडला की शेवटी एक ओळ ठरलेली: ‘कर्नाटक राज्यपालर आदेशानुसार मत्तु अवर हेसरिनल्लि’. म्हणजे राज्यपालांच्या आदेशावरून आणि त्यांच्या नावाने. जमिनीचा आदेश असो, बदलीचा असो, नाहीतर पंचायतीच्या हद्दीचा. दुसरीकडे घटनेचं कलम ३६१ म्हणतं की राष्ट्रपती आणि राज्यपाल आपल्या कामाबद्दल कुठल्याही कोर्टाला जबाब द्यायला बांधील नाहीत. ही दोन वाक्यं एकाखाली एक ठेवली की वाटतं, अशा आदेशाला हातच लावता येणार नाही.

त्यात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाच्या २०२४ च्या ट्रम्प निकालाचा दाखला जो तो देतोय. ‘तिकडं राष्ट्राध्यक्षाला मोकळं सोडलं, आपल्याकडं तर घटनेतच लिहून ठेवलंय’, असं.

मला तीन गोष्टी नीट समजून घ्यायच्यात. अशा आदेशाविरुद्ध दाद मागायची तर कागदावर नाव कुणाचं घालायचं? राज्यपाल किंवा राष्ट्रपतींवर फौजदारी कधीच होत नाही का? आणि हे संरक्षण मुख्यमंत्र्यांनाही मिळतं का? जाणकारांनी कलमासह सांगावं.

धारवाड_बेंच

पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्याच आदेशात, त्या ओळीच्या खाली आहे. सही कुणाची आहे बघा. ‘सरकारद अधीन कार्यदर्शि’ असं लिहिलेलं असेल, म्हणजे अवर सचिव. राज्यपालांनी बहुतेक वेळा तो कागद पाहिलेलाही नसतो. कलम १६६ सांगतं की राज्य सरकारचा सगळा कारभार राज्यपालांच्या नावाने व्यक्त करायचा, आणि नियमाप्रमाणे त्यावर अधिकाऱ्याची सही झाली की ‘हा आदेश राज्यपालांनी काढलेलाच नाही’ एवढ्या एकाच कारणावरून त्याला आव्हान देता येत नाही. बाकी सगळी कारणं मोकळी आहेत: अधिकार नव्हता, सुनावणी दिली नाही, मनमानी आहे, कायद्याच्या विरुद्ध आहे. केंद्राच्या आदेशांना हेच कलम ७७ खाली लागू होतं, तिथं राष्ट्रपतींचं नाव असतं.

आता ३६१. त्याच्या पहिल्याच पोटकलमाला जोडून एक परंतुक, म्हणजे अपवाद सांगणारी ओळ, आहे, आणि लोक नेमकं तेवढंच वाचत नाहीत. भारत सरकार किंवा राज्य सरकारविरुद्ध योग्य ती कारवाई करण्याचा कुणाचाही हक्क या पोटकलमामुळे कमी होत नाही, असं तिथं स्पष्ट लिहिलंय. म्हणजे माणूस कोर्टात उभा राहणार नाही, त्याचा कागद मात्र राहणार. बाजू सरकार मांडणार.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्याच भागातलं. हुबळीचे एस. आर. बोम्मई मुख्यमंत्री होते. १९ आमदारांनी पाठिंबा काढल्याची पत्रं राज्यपाल वेंकटसुब्बय्यांकडे गेली, राज्यपालांनी दिल्लीला अहवाल धाडला, आणि ‘विधानसभेत बहुमत आजमावू द्या’ हे बोम्मईंचं म्हणणं बाजूला ठेवून २१ एप्रिल १९८९ ला राष्ट्रपती राजवट लागली. घोषणेवर सही राष्ट्रपतींची, अहवाल राज्यपालांचा. पण खटल्याचं नाव काय? ‘एस. आर. बोम्मई विरुद्ध भारत सरकार’. ११ मार्च १९९४ ला नऊ न्यायाधीशांच्या पीठाने सांगितलं की घोषणा न्यायालयीन तपासणीच्या कक्षेत येते आणि बहुमत सभागृहातच मोजायचं. मंत्रिमंडळाने राष्ट्रपतींना काय सल्ला दिला हे कलम ७४(२) मुळे विचारता येत नाही, पण तो सल्ला ज्या कागदांवर उभा आहे ते कागद मागता येतात. कर्नाटकाची ती घोषणा घटनाबाह्य ठरली. पण तोवर पाच वर्षं उलटली होती, मध्ये निवडणूक होऊन गेली होती आणि बोम्मईंना खुर्ची परत मिळणं शक्य नव्हतं. आदेशाला आव्हान देणाऱ्याने यातून एवढं घ्यावं की पहिल्याच तारखेला स्थगितीचा अर्ज लावायचा.

२००५ ला बिहारात हाच प्रश्न आणखी टोकदार झाला. २३ मे २००५ ला विधानसभा विसर्जित झाली, आणि राज्यपालांनी वाईट हेतूने अहवाल पाठवला असा थेट आरोप होता. हेतूचा आरोप म्हटल्यावर माणसालाच बोलवावं लागेल ना? सुप्रीम कोर्टाने राज्यपालांना नोटीस काढली नाही. जानेवारी २००६ च्या सविस्तर निकालात म्हटलं की राज्यपालांना व्यक्तिशः पूर्ण संरक्षण आहे, पण त्यांच्या कृतीची वैधता, अगदी वाईट हेतूच्या मुद्द्यावरसुद्धा, तपासता येते. आणि तिचा बचाव सरकारने करायचा. विसर्जन घटनाबाह्य ठरलं.

तर तुमच्या कागदावर नावं अशी येतील. हायकोर्टात कलम २२६ खाली रिट (सरकारी कृतीविरुद्ध थेट हायकोर्टात करायची याचिका), बेळगाव जिल्ह्याचं म्हणून धारवाड खंडपीठात:

सामनेवाले १: कर्नाटक राज्य, तर्फे प्रधान सचिव, महसूल खाते, एम. एस. बिल्डिंग, बेंगळुरू.
सामनेवाले २: जिल्हाधिकारी, बेळगावी.
सामनेवाले ३: प्रांताधिकारी, बेळगावी, बैलहोंगल किंवा चिक्कोडी, ज्या उपविभागात जमीन आहे तो.

खातं बदललं की प्रधान सचिवाचं खातं बदला. ‘महामहिम राज्यपाल’ असं पहिलं नाव टाकून आणलेली याचिका रजिस्ट्रीतच अडकते, ऑफिस ऑब्जेक्शन निघतं, नाव वगळण्याचा मेमो द्यावा लागतो आणि पंधरा दिवस हकनाक जातात. स्थगिती हवी असेल तर ते पंधरा दिवस फार महाग पडतात.

जुने कागद मराठीत असतील, ५६ च्या आधीचे मुंबई राज्यातले उतारे वगैरे, तर इंग्रजी भाषांतर सोबतच लावा. नंतर लावतो म्हटलं की तेही ऑब्जेक्शन.

कॅम्प_दिवाणी

वरच्या वकीलसाहेबांनी रिटचं सांगितलं. खालच्या कोर्टात दिवाणी दावा घालणार असाल तर वाट वेगळी आहे, आणि तिथं जास्त लोक घसरतात.

घटनेचं कलम ३०० आणि दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ७९ वाचा. दावा ‘कर्नाटक राज्य’ या नावावर. नुसते जिल्हाधिकारी किंवा तहसीलदार प्रतिवादी करून राज्याला सोडलं तर दावा पायातच लंगडा. २००३ मध्ये सुप्रीम कोर्टाने आंध्रच्या एका प्रकरणात हे ठणकावून सांगितलंय. शिवाय अधिकाऱ्याने अधिकारपदावरून केलेल्या कामाबद्दल त्याच्यावर दावा असेल तर सरकारला जोडावंच लागतं, ऑर्डर २७, नियम ५-ए.

मग कलम ८० ची नोटीस. रिटला ती लागत नाही, दाव्याला लागते. राज्य सरकारसाठी ती सचिवाकडे किंवा जिल्ह्याच्या कलेक्टरकडे द्यायची. म्हणजे बेंगळुरूला जायची गरज नाही, आपल्या डीसी ऑफिसच्या टपाल विभागात चालते. दोन प्रती न्या, एकीवर तारखेसह आवक शिक्का मारून परत घ्या. पोस्टाने पाठवली तर पोच जपून ठेवा. नोटिशीत चार गोष्टी हव्यात: नाव आणि वर्णन, राहण्याचं ठिकाण, दाव्याचं कारण आणि मागणी. यातली मागणी लोक मोघम लिहितात, ‘योग्य तो न्याय मिळावा’. तसलं चालत नाही. सर्व्हे नंबर, क्षेत्र, कुठल्या तारखेचा कुठला आदेश रद्द हवा, हे लिहा, कारण पुढे दावाअर्जातली मागणी नोटिशीशी ताडून बघतात.

नोटीस १० जूनला पोचली तर दोन महिने १० ऑगस्टला भरतात, दावा ११ ऑगस्टपासून. आधी घातला तर बाद होतो. मुदत संपत आली म्हणून घाबरू नका, मुदत कायद्याच्या कलम १५(२) प्रमाणे नोटिशीचा काळ मोजणीतून वगळला जातो. उद्याच जेसीबी येणार असेल तर ८०(२) खाली कोर्टाची परवानगी घेऊन नोटिशीविना दावा घालता येतो. पण तातडी नाही असं कोर्टाला वाटलं तर दावाअर्ज परत हातात देतात, की जा आणि नोटीस देऊन या.

राज्यपालांचं नाव चुकून पडलंच असेल तर ऑर्डर १, नियम १०(२) खाली ते काढून टाकायचा अर्ज द्या. त्यासाठी नवा दावा नको.

घटनेचा_तास

पहिला प्रश्न सुटला म्हणायचा. दुसऱ्याकडे येते. ३६१ ची चार पोटकलमं आहेत आणि ती एकसारखी अजिबात नाहीत. वाचताना ‘पदाच्या मुदतीत’ हे शब्द कुठं आहेत आणि कुठं नाहीत, एवढं बघा.

(१) पदाचे अधिकार वापरताना केलेल्या, किंवा तसं समजून केलेल्या कृतीबद्दल कोर्टाला जबाबदार नाही. इथं मुदतीचा शब्द नाही.

(२) कुठलीही फौजदारी कारवाई कोर्टात सुरू करता येणार नाही की चालू ठेवता येणार नाही, पदाच्या मुदतीत. कृती सरकारी की खासगी, पदावर येण्याआधीची की नंतरची, काही फरक नाही. सगळं बंद, पण खुर्ची असेपर्यंतच.

(३) अटकेचं किंवा तुरुंगाचं वॉरंट नाही, हेही मुदतीपुरतं.

(४) खासगी कृतीबद्दल दिवाणी दावा: पदावर असतानाही घालता येतो! फक्त लेखी नोटीस देऊन दोन महिने थांबायचं. भाडं थकवलं, उसने पैसे दिले नाहीत, असली प्रकरणं. नोटीस त्यांच्या हाती द्या किंवा त्यांच्या कार्यालयात ठेवा. कलम ८० च्या नोटिशीशी हिची गल्लत नको. ती सरकारसाठी, ही माणसासाठी.

म्हणजे ‘फौजदारी कधीच नाही’ हे चूक. दुसऱ्या पोटकलमाचं वापरातलं उदाहरण कल्याणसिंहांचं. आरोप बाबरी प्रकरणातले, १९९२ चे, ते मुख्यमंत्री असतानाचे. एप्रिल २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने बाकीच्यांवर खटला पुढे न्यायला सांगितलं, आणि कल्याणसिंह राजस्थानचे राज्यपाल असल्याने ते पदावरून उतरले की त्यांच्यावर आरोप निश्चित करा, असं म्हटलं. सप्टेंबर २०१९ ला मुदत संपली, त्याच महिन्यात त्यांना कोर्टापुढे यावं लागलं. पुढे ३० सप्टेंबर २०२० ला विशेष न्यायालयाने सगळ्यांना निर्दोष सोडलं, तो भाग वेगळा. इथला मुद्दा असा की पदाने खटला थांबवला, पुसला नाही.

आता खरी गाठ. राज्यपालाने राज्यपाल म्हणूनच केलेली कृती गुन्हा असेल, उदाहरणार्थ पैसे घेऊन सही, तर निवृत्तीनंतर काय? (२) ची आडकाठी संपलेली असते. उरतं (१), ज्यात मुदतीचा शब्द नाही. बचाव पक्ष म्हणणार, ‘जबाबदार नाही’ म्हणजे कायमचं नाही. सरकारी पक्ष म्हणणार, लाच घेणं हा पदाच्या अधिकाराचा वापरच नव्हे, ते ‘तसं समजून केलेल्या’ कृतीतही बसत नाही. कल्याणसिंहांच्या प्रकरणात हा वाद आलाच नाही, कारण कृती मुख्यमंत्रिपदावरची होती. माझं मत दुसऱ्या, म्हणजे सरकारी पक्षाच्या बाजूचं आहे.

आणखी एक बारीक जागा: (२) मध्ये ‘कोर्टात’ हा शब्द आहे. पोलिसांनी तक्रार नोंदवायची, जबाब घ्यायचे, फुटेज जप्त करायचं, याबद्दल कलम गप्प आहे. २०२४ मध्ये राज्यपालांविरुद्ध तक्रार करणाऱ्या, पश्चिम बंगालच्या राजभवनातल्या एका महिला कर्मचाऱ्याने सुप्रीम कोर्टात नेमका हाच मुद्दा नेला. पाच वर्षं थांबल्यावर पुरावा राहतो कुठं, असा तो प्रश्न आहे. तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांना भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१४ ची मुदतही आडवी येते. राज्यपालांची मुदत पाच वर्षं, गुन्ह्याची तीन! अशा वेळी कलम ५१९ खाली विलंब माफ करा म्हणून कोर्टाला विनवावं लागतं.

जाता जाता, सीमाभागातल्यांना आवडेल असं एक. ३६१ मध्ये मुळात राष्ट्रपती, राज्यपाल ‘किंवा राजप्रमुख’ (जुन्या संस्थानी राज्यांचे प्रमुख) असे शब्द होते. म्हैसूरचे जयचामराज वडियार राजप्रमुख होते. १ नोव्हेंबर १९५६ ला राजप्रमुख हे पदच गेलं, सातव्या दुरुस्तीने ते शब्द उडाले आणि वडियार म्हैसूर राज्याचे राज्यपाल झाले. बेळगाव, खानापूर, निपाणी ज्या दिवशी म्हैसूर राज्यात गेली तो हाच दिवस. म्हणजे कलमही बदललं आणि आपला राज्यपालही.

निपाणी_नाका

मॅडम, अमेरिकेचं राहिलंच की. लोक त्याच्यावरच तर उड्या मारतायत.

घटनेचा_तास

हो, ते वेगळं लिहायचं म्हणून ठेवलं होतं.

१ जुलै २०२४, ‘ट्रम्प विरुद्ध अमेरिका’, सहा विरुद्ध तीन. (आपल्याकडे नवी फौजदारी संहिता त्याच दिवशी लागू झाली, निव्वळ योगायोग.) तिथल्या घटनेत ३६१ सारखं कलम नाही. सगळं कोर्टाने सत्ताविभागणीच्या तत्त्वातून काढलं. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी कृतींचे तीन खण केले. घटनेने एकट्या राष्ट्राध्यक्षाला दिलेले अधिकार, जसं गुन्हा माफ करणं किंवा परदेशी सरकारला मान्यता देणं: पूर्ण संरक्षण. बाकीच्या सरकारी कृती: संरक्षण आहे असं गृहीत धरायचं, आणि खटल्याने राष्ट्राध्यक्षाच्या कामात काहीच ढवळाढवळ होणार नाही हे सरकारी पक्षाने दाखवलं तरच पुढे जायचं. खासगी कृती: काहीही संरक्षण नाही.

हे खण ट्रम्प यांच्यावरच्या आरोपपत्रावर ठेवून बघा; आरोप होता २०२० च्या निवडणुकीचा निकाल उलटवण्याच्या प्रयत्नाचा. न्याय खात्याच्या अधिकाऱ्यांशी झालेली बोलणी पहिल्या खणात गेली, आरोपातून बाद. मतमोजणीवरून उपराष्ट्राध्यक्षांवर आणलेला दबाव दुसऱ्या खणात. राज्यांच्या अधिकाऱ्यांना केलेले फोन आणि ६ जानेवारीचं भाषण सरकारी की खासगी, हे ठरवायला प्रकरण खाली परत पाठवलं.

निकालाचा सगळ्यात कडक भाग या खणांच्याही पलीकडे आहे. कृती सरकारी की खासगी हे ठरवताना हेतू बघायचा नाही. आणि खासगी गुन्ह्याचा खटला चालला तरी सरकारी कृती पुरावा म्हणून आणायच्या नाहीत. या शेवटच्या मुद्द्यावर बहुमतातल्याच न्यायमूर्ती बॅरेट वेगळ्या झाल्या, कारण लाचेच्या खटल्यात लाचेच्या बदल्यात काय केलं हे दाखवताच आलं नाही तर खटला चालवायचा कसा? बिहारचा निकाल याच्या बरोबर उलट टोकाला बसतो. तिथं आपल्या कोर्टाने वाईट हेतूसुद्धा तपासायला घेतला, फक्त माणसाला न बोलावता.

आणि तो खटला या निकालाने संपला नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये निवडणुकीनंतर सरकारी पक्षानेच तो मागे घेतला, कारण पदावरच्या राष्ट्राध्यक्षावर खटला चालवायचा नाही असं तिथल्या न्याय खात्याचं जुनं धोरण आहे. म्हणजे तिकडं दोन वेगळ्या भिंती आहेत. खात्याचं धोरण हे आपल्या (२) सारखं, खुर्चीपुरतं. २०२४ चा निकाल आपल्या (१) सारखा, कृतीला कायमचा चिकटणारा. नाक्यावर दोन्ही एकत्र कालवले जातात.

दिवाणीत तर ते २०२४ च्या बरंच आधी इथवर पोचले होते. १९८२ च्या फिट्झगेराल्ड प्रकरणात सरकारी कृतीबद्दल नुकसानभरपाईच्या दाव्यातून पूर्ण सूट, आणि १९९७ च्या क्लिंटन-जोन्स प्रकरणात पदाआधीच्या खासगी कृतीला काहीच सूट नाही, तेही एकमताने. आपलं (४) दोन महिने तरी थांबवतं.

चिक्कोडी_तालुका

तिसरा प्रश्न कुणी घेईना म्हणून मी घेतो.

मुख्यमंत्री, पंतप्रधान, मंत्री यांना ३६१ लागू नाही. ते राष्ट्रप्रमुख किंवा राज्यप्रमुख नाहीत, ते सरकारप्रमुख. पंतप्रधानपद सोडल्यावर नरसिंह राव यांना २००० मध्ये खालच्या कोर्टाने दोषी ठरवलं होतं, २००२ मध्ये हायकोर्टात ते सुटले. ३६१ चा विषयच निघाला नाही. मंत्र्यांना आहे ती ‘परवानगीची पायरी’, आणि ती तीन ठिकाणी लागते. लोक तिन्हीला सरसकट ‘राज्यपालांची मंजुरी’ म्हणतात, तिथूनच गोंधळ सुरू.

पहिली, भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याचं कलम १७-ए. चौकशी सुरू करण्याआधी लागते. २०१८ मध्ये आलं. आरोप मंत्र्याने किंवा अधिकाऱ्याने पदावरून केलेल्या शिफारशीबद्दल किंवा निर्णयाबद्दल असेल तरच. रंगेहाथ लाच घेताना पकडलं तर ही लागत नाही. मुदत तीन महिने, कारण लिहून आणखी एक.

दुसरी, त्याच कायद्याचं कलम १९. ही कोर्टाने दखल घेण्याआधी, म्हणजे चौकशी होऊन कागद कोर्टात गेल्यावर.

तिसरी, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम २१८, जुनं १९७. इतर गुन्ह्यांसाठी, आणि आरोपातली कृती सरकारी कर्तव्य बजावताना झालेली असेल तरच. नवीन काय, तर १२० दिवसांत निर्णय झाला नाही तर मंजुरी मिळाली असं धरायचं. जुन्या १९७ मध्ये ही तरतूद नव्हती, फायली वर्षानुवर्षं पडून राहायच्या.

कर्नाटकातलं ताजं प्रकरण यावरच अडलं होतं. म्हैसूरच्या ‘मुडा’च्या, म्हणजे नगर विकास प्राधिकरणाच्या, भूखंडांवरून ऑगस्ट २०२४ मध्ये राज्यपाल गेहलोत यांनी मुख्यमंत्री सिद्धरामय्यांविरुद्ध मंजुरी दिली, १७-ए आणि २१८ दोन्ही कलमं घालून. मंत्रिमंडळाने त्याआधीच ‘देऊ नका’ असा सल्ला दिला होता. २४ सप्टेंबर २०२४ ला हायकोर्टाने मंजुरी कायम ठेवली, पण ती फक्त १७-ए पुरती वाचा, २१८ ची नव्हे, असं सांगितलं. टीव्हीवर मात्र ‘खटल्याला परवानगी’ असं झळकत राहिलं. ती चौकशीची परवानगी होती. पुढे २०२५ मध्ये लोकायुक्त पोलिसांनी पुराव्याअभावी बी रिपोर्ट, म्हणजे प्रकरण बंद करण्याचा अहवाल, दिला.

मंत्रिमंडळाचा सल्ला डावलता येतो का? एरवी नाही. पण स्वतःच्या मुख्यमंत्र्याविरुद्धच्या मंजुरीत मंत्रिमंडळ निःपक्ष सल्ला देईल अशी अपेक्षा ठेवता येत नाही, म्हणून राज्यपाल स्वतःच्या अखत्यारीत ठरवू शकतात. हे २००४ च्या मध्य प्रदेशच्या प्रकरणात पाच न्यायाधीशांनी मान्य केलंय. याची सुरुवात पलीकडच्या बाजूला, महाराष्ट्राचे मुख्यमंत्री राहिलेल्या अंतुलेंच्या प्रकरणात झाली. त्याच प्रकरणात १९८४ मध्ये ठरलं होतं की ज्या पदाचा गैरवापर केल्याचा आरोप आहे ते पद सुटलं की मंजुरी लागत नाही. २०१८ च्या दुरुस्तीने भ्रष्टाचाराच्या कायद्यापुरतं ते बदललं, आता माजी लोकांसाठीही लागते. जुने निकाल उतरवून अर्ज लिहिणाऱ्यांनी एवढं जपावं.

आणि मंजुरी देणाऱ्या राज्यपालांना कोर्टात खेचता येतं का? पुन्हा तेच, मंजुरीचा आदेश तपासला जातो, राज्यपाल नाही.

खानापूर_वाचक

सगळ्यांचे आभार. वकीलसाहेब, दोन शंका उरल्या. राणी चन्नम्मा विद्यापीठाच्या बाबतीत राज्यपाल कुलपती असतात. तिथल्या नेमणुकीला आव्हान द्यायचं तर कुलपतींचं नाव घालता येतं का, की तिथंही ३६१? दुसरं, राज्यपाल विधेयक नुसतं दाबून बसले तर? आदेशच नाही, मग आव्हान कशाला?

धारवाड_बेंच

कुलपती हे विद्यापीठ कायद्याने दिलेलं पद आहे, घटनेने दिलेलं नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये कन्नूर विद्यापीठाच्या कुलगुरूंची फेरनेमणूक सुप्रीम कोर्टाने रद्द केली, त्या खटल्याच्या नावातच ‘कुलपती, कन्नूर विद्यापीठ’ आहे. कुलपती म्हणून राज्यपाल मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालत नाहीत, स्वतः ठरवतात, हेही तिथं स्पष्ट झालं. राज्य सरकारच्या दबावाने सही झाली म्हणूनच नेमणूक गेली. तेव्हा सामनेवाल्यांत ‘कुलपती, तर्फे सचिव’ असं पदनाम घाला. माणसाचं नाव किंवा ‘राज्यपाल’ हा शब्द नको. सोबत विद्यापीठ तर्फे कुलसचिव, आणि ज्याच्या नेमणुकीला आव्हान आहे तो माणूस. त्याला सोडलं तर याचिका तिथंच कोलमडते.

विधेयकाचं उत्तर नोव्हेंबर २०२५ मध्ये मिळालं. राष्ट्रपतींनी विचारलेल्या प्रश्नांवर पाच न्यायाधीशांनी मत दिलं. राज्यपालांना दिवसांची मुदत कोर्ट घालू शकत नाही, आणि मुदत उलटली म्हणून विधेयक मंजूर झालं असंही धरता येणार नाही. पण दीर्घकाळ, कारणाविना काहीच न करणं असेल तर ३६१ ची ढाल पुढे करता येणार नाही. व्यक्तीला संरक्षण आहे, राज्यपाल हे पद कोर्टाच्या कक्षेत आहे. अशा वेळी कोर्ट एवढंच सांगू शकतं की ‘निर्णय घ्या’. कुठला घ्या, ते नाही.

निपाणी_नाका

मग आपल्या सीमाप्रश्नाच्या दाव्यात राष्ट्रपतींना पार्टी केलंय असं जे सांगतात ते?

घटनेचा_तास

केलेलं नाही. महाराष्ट्राचा २००४ चा मूळ दावा क्रमांक ४ कलम १३१ खाली (राज्याचा वाद थेट सुप्रीम कोर्टात नेणारं कलम) आहे, ८६५ गावांचा. प्रतिवादी भारत सरकार आणि कर्नाटक राज्य. १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्यावर सही राष्ट्रपतींचीच होती, आणि विधेयक मांडायला कलम ३ खाली शिफारसही त्यांचीच लागते. तरी दावा त्यांच्यावर नाही. वर वकीलसाहेबांनी सांगितलेलं परंतुक तिथंही तसंच लागू पडतं.